चालतो म्हणून भंगार

जुलै २०२१ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं 'व्हिंटेज' गाडी म्हणजे काय, हे नियमात लिहून टाकलं. गाडी दुचाकी किंवा चारचाकी हवी, पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली हवीत, मूळ रूप राखलेलं हवं आणि वापर फक्त खासगी हवा. वीस हजार रुपये भरले की दहा वर्षांची नोंदणी मिळते आणि नंबरप्लेटवर 'व्हीए' ही मानाची अक्षरं येतात. मग ती गाडी रॅलीत न्या, प्रदर्शनात मांडा, तेल भरायला नि दुरुस्तीला रस्त्यावर काढा. रोजच्या कामाला काढायची नाही. भाड्याला तर नाहीच नाही.

त्याच वर्षी, महिनाभरानं, १३ ऑगस्टला वाहन भंगार धोरण वाजतगाजत आलं. ऑक्टोबरात त्याचे दर आले: पंधरा वर्षांवरच्या अवजड मालवाहू गाडीचं फिटनेस नूतनीकरण, १ एप्रिल २०२२ पासून, साडेबारा हजार रुपये. महाराष्ट्रात आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला पर्यावरण कर आधीपासून आहेच, तो वेगळा.

दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा. पन्नास वर्षं गॅरेजात झाकून ठेवलेली, रविवारी मऊ फडक्यानं पुसलेली गाडी म्हणजे वारसा. तीस वर्षं रोज चिरा वाहणारा ट्रक म्हणजे भंगार. म्हणजे जुनेपणाबद्दल सरकारची तक्रारच नाही. जुनं असून अजून काम करतं, ही तक्रार आहे.

मी ट्रकवाला नाही. रत्नागिरी आणि आसपासच्या गावांत घरं बांधून देण्याची लहान कामं घेतो. टॉवर-बिवर नाही, वाडीतली घरं. जांभ्याच्या भिंती, वर स्लॅब किंवा पत्रा, आणि मालक मुंबईत बसून व्हिडिओ कॉलवर सल्ला देणार. माझ्या साइटवर चिरा येतो तो एका १९९४ सालच्या टाटा १६१२ मधून. सोळा टन एकूण वजन आणि एकशेवीस हॉर्सपॉवर, म्हणून १६१२. टाटांच्या जुन्या आकड्यांचा हा हिशोब एकदा कळला की रस्त्यावरची प्रत्येक गाडी स्वतःची ओळख सांगत जाते: १२१० म्हणजे बारा टन आणि शंभर घोडे, ४०७ म्हणजे चार टन आणि सत्तर. आजच्या गाड्यांना 'अल्ट्रा', 'प्राइमा' अशी परफ्युमची नावं असतात. असो.

हा ट्रक दिसायला कसा आहे? अजिबात 'क्यूट' नाही. हौद्याच्या फळ्या चिऱ्यांच्या लाल धुळीनं रंगलेल्या, मागचा फाळका तीनदा बदललेला, पुढच्या काचेला किन्नरबाजूनं एक तडा, त्यावर लिंबू-मिरची. गाडी बंद करायची तर किल्ली फिरवून भागत नाही, डॅशबोर्डाखालची वायर खेचावी लागते, मग इंजिन एक उसासा टाकून थांबतं. काही महिन्यांपूर्वी बॅटरी गेली, तेव्हा काकांनी (गाडीचे मालक आणि चालक एकच, आम्ही त्यांना काकाच म्हणतो) आठवडाभर गाडी रोज रात्री उतारावर लावली आणि सकाळी गिअरात टाकून सुरू केली. त्या आठवड्यात एकही खेप चुकली नाही. या इंजिनाला चालू राहण्यासाठी विजेची गरज नाही. डिझेल, हवा आणि पंपाचा दाब, बस.

कॅबिन तर कंपनीचं नाहीच. त्या काळात पुष्कळदा कंपनी चासी आणि नाकाडाचा पत्रा तेवढा द्यायची, उरलेली गाडी बॉडीवाला बांधायचा. लाकडी सांगाडा, वर पत्रा, आत रेक्झिन, छताला आरसे. म्हणजे 'टाटांचा ट्रक' आपण म्हणतो खरं, पण त्यातला निम्मा सुतार, वेल्डर आणि पेंटर यांचा असायचा. कोल्हापूरकडची बॉडी वेगळी, पंजाबची वेगळी. लांबून ओळखू यायची.

या गाड्यांचा इतिहास आपल्याकडे कुणी शिकवत नाही, म्हणून चार ओळींत सांगतो. १९५४ मध्ये टेल्कोनं जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले. जुन्या माणसांच्या तोंडात 'टाटा-मर्सिडीज' हा शब्द बसला तो तेव्हापासून. १९६९ ला करार संपला, नाकावरची चांदणी गेली, टाटांचा 'टी' आला, इंजिनाचा वंश मात्र तोच राहिला. इकडे मुंबईत कुर्ल्याला, सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून डॉज आणि फार्गो निघत. बंगालात उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सचे बेडफर्ड, मद्रासजवळ एन्नोरला अशोक लेलँडचे कॉमेट. आपल्या आजोबांच्या लग्नाची भांडी, धरणांचं सिमेंट, रेशनचा गहू, दुष्काळातला चारा, सगळं यांच्या पाठीवरून आलं. देश बांधला वगैरे मोठी वाक्यं आपण कारखान्यांबद्दल बोलतो. सिमेंट कारखान्यातून चालत आलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. मी काकांना एकदा विचारलं, "काका, नवी गाडी घ्या की. किती दिवस हिला ओढणार?" काका हसले नाहीत. म्हणाले, "मेल्या, चार महिने गाडी झाकून ठेवायची नि हप्ता कोण भरील, तू?"

कोकणाबाहेरच्या वाचकासाठी हे सोडवून सांगायला हवं. आमच्याकडे पावसाळ्यात चिरेखाणी बंद होतात. सड्यावरच्या खाणीत पाणी भरतं, वाटा चिखलात जातात, बांधकामंही थांबतात. जूनपासून सप्टेंबर संपेपर्यंत चिऱ्याच्या गाडीला भाडं नाही. काका त्या काळात गाडी झावळ्या आणि ताडपत्रीखाली लावतात आणि शेतावर जातात. गाडीचे पैसे कधीच फिटलेत, त्यामुळे उभी राहिलेली गाडी त्यांना काही मागत नाही. नवा ट्रक घेतला तर किंमत वीस-पंचवीस लाखांच्या घरात. त्यातले वीस लाख पाच वर्षांच्या कर्जानं घेतले तर हप्ता महिन्याला चाळीस हजारांच्या वर. बँकेला पावसाळा नसतो.

मग हप्तेवाला काय करतो? तो पावसाळ्यात गाडी लांबच्या भाड्याला लावतो. रात्रीचा परशुराम आणि कशेडी उतरतो, झोप मारून चालवतो. चिऱ्याच्या हंगामात दोन खेपांच्या जागी चार करतो आणि प्रत्येक खेपेत हौद्याच्या वर दोन थर जास्त रचतो, कारण ते दोन थर म्हणजेच हप्ता. 'जुने ट्रक धोकादायक' असं म्हणणाऱ्या शहाण्यांनी हा हिशोब एकदा करून बघावा. गाडीचे ब्रेक नवे असून उपयोग काय, ज्याच्या पायाखाली ते आहेत तो माणूस अठरा तास जागा असेल तर?

आणि हे जमलं नाही की गाडी फायनान्सवाला ओढून नेतो. तालुक्यातल्या चिऱ्याची वाहतूक मग पाच-दहा गाड्या असलेल्या एखाद्या शेठकडे जाते, आणि कालपर्यंत मालक असलेला माणूस त्याच रस्त्यावर, त्याच चिऱ्याची गाडी, पगारावर चालवतो. हे मी अंदाजानं बोलत नाही. माझ्या साइटवर येणाऱ्या चालकांपैकी दोघे असे माजी मालक आहेत. त्यांच्या जुन्या गाड्या व्यवस्थित चालत होत्या. 'आता नवीनच घेतलेली बरी, नियम येतायत' असं कुणीतरी सांगितलं म्हणून त्या विकल्या.

धोरणात सवलती आहेत, हे खरं. भंगार केंद्राला गाडी दिली की प्रमाणपत्र मिळतं, नव्या गाडीच्या किमतीच्या चार ते सहा टक्के भंगाराचं मोल मिळतं, मालवाहू गाडीला रस्ता करात पंधरा टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते. पण ही सगळी सवलत 'नवी घे' या वाक्यानंतर सुरू होते. जी गाडी आहे ती धडधाकट ठेवण्यासाठी, तिचे ब्रेक, तिचं स्टिअरिंग, तिचा पंप सुधारण्यासाठी या धोरणात काय आहे? काही नाही. उलट २०२२ मध्ये साडेबारा हजारांची फी आली. या पैशात पुढचे-मागचे ब्रेक लायनर बदलून होतील, वर पंपाचं कॅलिब्रेशन होईल. सुरक्षिततेसाठी घेतलेले पैसे सुरक्षिततेतूनच वजा होतात, ही कल्पना ज्या डोक्यातून निघाली त्या डोक्याला माझा दंडवत.

कागदावर, कबूल, हे धोरण नुसत्या वयाचं नाही. तिथं 'फिटनेस' हा शब्द आहे. गाडी चाचणीत पास झाली तर चालवा, नापास झाली तर मोडा. हे तत्त्व मला मान्यच आहे. पण मग परीक्षेची फी वयानुसार का वाढते? विद्यार्थी मोठा म्हणून पेपरची किंमत जास्त, असं कुठे असतं? दिल्लीनं तर परीक्षाही ठेवली नव्हती. हरित न्यायाधिकरणानं २०१५ मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये ती उचलून धरली आणि १ जुलै २०२५ ला असल्या गाड्यांना पंपावर तेलच द्यायचं नाही इथवर गोष्ट गेली. लोक इतके भडकले की काही दिवसांत ते थांबवावं लागलं. जन्मतारीख बघून निकाल लावण्याची ती पद्धत दिल्लीत आली, उद्या आपल्याकडे यायला फार वेळ लागणार नाही.

आता मिस्त्रींबद्दल. मिरजोळ्याच्या बाजूला एक मिस्त्री आहेत. वय साठीच्या पुढे, शाळा पाचवी. गाडी आली की ते आधी बोलत नाहीत. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि ऐकतात. "तीन नंबरचा नोझल." झालं निदान. नोझल काढतात, तपासतात, बदलतात. सुटा भाग रत्नागिरीत नसला तर कोल्हापुराहून एसटीच्या पार्सलनं दुसऱ्या दिवशी येतो. पाटा तुटला तर पाटेवाला वेगळा, रेडिएटरवाला वेगळा, डायनामोवाला वेगळा. अख्खी एक आळी या गाड्यांवर जगते, आणि त्या आळीतली पोरं कुठल्याही कॉलेजात न जाता डिझेल इंजिन मुळापासून शिकतात.

माझ्या एका ओळखीच्यानं दोन वर्षांपूर्वी नवा बीएस-६ ट्रक घेतला. कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही, सगळ्यांचं सारखंच आहे. या गाड्यांत धुराड्यात यूरियाचं द्रावण फवारतात, धूर स्वच्छ होतो, चांगली गोष्ट आहे. पण त्या यंत्रणेचा एक सेन्सर बिघडला की गाडीचा मेंदू ठरवतो, आता ताकद कापायची. राजापूरच्या अलीकडे, भरल्या गाडीनिशी, त्याची ताकद कापली गेली. चढावर गाडी बैलगाडीच्या चालीनं. आमच्या मिस्त्रींनी बॉनेट उघडून बघितलं आणि हात पुसले. "ह्याला पाना लागत नाय, लॅपटॉप लागतो." लॅपटॉपवाला माणूस दुसऱ्या जिल्ह्यातून तिसऱ्या दिवशी आला. दहा मिनिटांचं काम. तीन दिवसांचं भाडं बुडालं, त्याच्या दंडाची नोंद कुठल्या धोरणात नाही.

तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय त्याचं मागचं झाकण नखानं उघडता येतं का? आधीच्या फोनचं यायचं. बॅटरी फुगली की दुकानात जाऊन नवी घ्यायची, खटकन बसवायची. आता बॅटरी गोंदानं चिकटवलेली असते आणि दुरुस्तीचा खर्च नव्या फोनच्या इतका जवळ नेऊन ठेवलेला असतो की आपण 'जाऊ दे' म्हणून नवा घेतो. ट्रकचं तेच चाललंय, फक्त तिथं 'जाऊ दे' म्हणायची किंमत पंचवीस लाख आहे. २०२२ च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 'दुरुस्तीचा हक्क' यावर समिती नेमली. तिच्या यादीत मोबाइल होते, शेतीची अवजारं होती आणि वाहनंही होती. डिसेंबरात पोर्टल निघालं. म्हणजे सरकारचा एक विभाग सांगतो, वस्तू दुरुस्त करून वापरा. आणि दुसरा विभाग दुरुस्त करून वापरणाऱ्याकडून जास्त फी घेतो.

धुराचं काय? हा प्रश्न टाळणारे लोक मला आवडत नाहीत, म्हणून आकडे मीच देतो. २००० साली भारतात प्रदूषण नियमांचा जो पहिला टप्पा आला, त्यात मोठ्या डिझेल इंजिनाला किलोवॉट-तासामागे ०.३६ ग्रॅम कण सोडायची मुभा होती. बीएस-६ मध्ये ती ०.०१ ग्रॅम आहे. छत्तीस पट फरक. काकांची गाडी तर त्या पहिल्या टप्प्याच्याही आधीची. काकांची गाडी स्वच्छ आहे असं मी म्हणणार नाही, चढावर तिच्या मागे दुचाकी चालवून बघा म्हणजे कळेल.

पण गाडी किती घाण करते यात तिचं इंजिन हा अर्धाच हिशोब आहे. दुसरा अर्धा ती किती पळते आणि कुठे पळते हा. काकांची गाडी खाणीवरून साइटवर, दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर, तेही वर्षातले आठ महिने. वर्षाला पंधरा-सोळा हजार किलोमीटर झाले तर खूप. मुंबई-गोवा करणारा ट्रक त्याच्या कितीतरी पट, लाखाच्या आसपास पळतो. गुणाकार करून तुम्ही म्हणाल, तरीही काकांची गाडीच जास्त घाण करते. करते. म्हणून तिला मुंबईत, पुण्यात, रत्नागिरी शहरातसुद्धा दिवसा येऊ देऊ नका, माझी ना नाही. वर्षातून दोनदा धूर मोजा, आणि खरोखर मोजा. गाडी न बघता मिळणाऱ्या पीयूसीच्या कागदाबद्दल मी तुम्हाला काय सांगायचं, तुमच्याही डिकीत एक असेल. पण स्वच्छतेची सुरुवात सगळ्यात जास्त पळणाऱ्या गाड्यांपासून व्हायला हवी. ती सगळ्यात गरीब मालकापासून सुरू होते, कारण त्याच्याकडून ती करून घेणं सोपं असतं.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियानं ट्रकवर जगातले सगळ्यात कडक म्हणावेत असे नियम लावले. २०२३ पासून तिथं अवजड ट्रकला २०१० किंवा त्यानंतरचं इंजिन लागतं. जुनी पीटरबिल्ट, केनवर्थ घेऊन फिरणारे एकट्या गाडीचे मालक तिथंही चडफडले. पण त्या नियमातही एक खिडकी आहे: वर्षाला हजार मैलांहून कमी चालणाऱ्या गाडीला सूट. हजार मैल म्हणजे सोळाशे किलोमीटर, काकांना ते पुरणार नाहीत. मात्र तत्त्व बघा. त्यांनी गाडीचं चालणं मोजलं. आपण फक्त वाढदिवस मोजतो. आपल्याकडेच मानेभंज्यांगपासून संदकफूपर्यंत, दार्जिलिंगच्या डोंगरात, १९५० च्या आगेमागेच्या लँड रोव्हर माणसं आणि सामान वर चढवत आल्या. त्या दगडी वाटेवर दुसरं काही चढत नव्हतं म्हणून लोकांनी त्या सांभाळल्या. त्यांचे फोटो पर्यटन खातं कौतुकानं छापतं. चिऱ्याच्या ट्रकचा फोटो कोण छापणार?

धूर कमी करायचाच तर आमच्याच जिल्ह्यातून जाणारी एक गोष्ट दाखवतो. कोकण रेल्वेनं जानेवारी १९९९ मध्ये कोलाड ते वेर्णा रो-रो सेवा सुरू केली. भरलेला ट्रक, चालकासकट, रेल्वेच्या सपाट डब्यावर चढतो आणि घाटांचे चढउतार, डिझेल, झोप, सगळं वाचवून गोव्यात उतरतो. पंचवीस वर्षांहून जुनी कल्पना, आणि अजून नव्या गाडीसारखी चालते. लांबचा माल जितका तिच्यावर जाईल तितका महामार्ग मोकळा होईल. पण त्यात कुणाची नवी गाडी खपत नाही, म्हणून असेल, तिचे ढोल वाजत नाहीत.

आणि सुरक्षितता. इथं मला दोन पूल आठवतात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला. त्यावरून गेलेल्या दोन एसटी गाड्यांपैकी एक जयगडहून मुंबईला निघाली होती, दुसरी राजापूरहून बोरिवलीला. आमच्या जिल्ह्यातली माणसं त्यात होती. त्या रात्रीनंतर कित्येक दिवस इथल्या घरांत कुणी टीव्ही बंद केला नव्हता. पूल जुना होता म्हणून पडला, असं सगळे म्हणाले. पण त्याच वर्षी मे महिन्यात त्याची तपासणी झाली होती आणि तो वाहतुकीला योग्य ठरला होता, हे सरकारनंच सांगितलं. दुसरा पूल चिपळूणचा. १६ ऑक्टोबर २०२३ ला बहादूरशेख नाक्यावर महामार्गाच्या उड्डाणपुलाचा भाग कोसळला. तो जुना नव्हता. तो अजून पुरा बांधूनही झाला नव्हता.

ज्या महामार्गाचं चौपदरीकरण २०११ ला पनवेलकडून सुरू झालं आणि ज्याचं अजून 'लवकरच पूर्ण' चालू आहे, त्या महामार्गावर पंधरा वर्षं झाली म्हणून ट्रकला जाब विचारला जातो. रस्त्याच्या कामाला फिटनेस लागत नाही बहुतेक.

जुन्या गाडीचे ब्रेक तपासा. रोलरवर चढवून तपासा, भरल्या वजनानिशी तपासा. किंगपिन हलवून बघा, पाटे मोजा, मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर बघा. त्यात काकांची गाडी नापास झाली तर ती मोडायला मी स्वतः हातोडा घेऊन येईन. माझीच माणसं तिच्यातून चिरे उतरवतात, ब्रेक न लागलेली गाडी मागे आली तर आधी ती चिरडली जातील.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त राग कुणाचा येतो सांगू? सरकारचा नाही. सरकार सरकारसारखंच वागतं. राग येतो तो जुन्या ट्रकवर प्रेम करणाऱ्यांचा. 'हॉर्न ओके प्लीज' छापलेल्या उशा, ट्रकच्या मागच्या शायरीचे टी-शर्ट, कॅफेच्या भिंतीवर कापून लावलेलं टाटाचं नाकाड. (हेच तीन शब्द ट्रकवर लिहायला महाराष्ट्रात २०१५ मध्ये बंदी आली. उशीवर चालतात.) भाट्याच्या पुलावर संध्याकाळी एखादा जुना ट्रक दिसला की बाइक थांबवून रील काढायची, खाली जुनं हिंदी गाणं लावायचं, 'दे डोन्ट मेक देम लाइक दिस' असं देवनागरीतसुद्धा लिहायचं. आणि आत बसलेल्या माणसाला त्या फ्रेममधून नेमकं कापायचं.

कारण तो माणूस फ्रेममध्ये आला की सौंदर्य बिघडतं. पॉवर स्टिअरिंग नसलेली ही गाडी वळवताना खांदे उतरतात. मे महिन्यात इंजिनाची धग पायावर येते, चप्पल वितळेल असं वाटतं. काकांच्या कमरेला पट्टा आहे. २०२५ मध्ये नव्या मोठ्या ट्रकांना एसी कॅबिनची सक्ती झाली, तो नियम उत्तम आहे आणि फार उशिरा आला आहे. ज्याला जुन्या ट्रकबद्दल खरंच काही वाटतं त्यानं म्हणावं, या चालकालाही बरी सीट मिळू दे, जुन्या गाडीवर पॉवर स्टिअरिंग बसवता येतं ते बसवायला अनुदान मिळू दे. रीलमध्ये मी हे कधी ऐकलं नाही. गाडी जशीच्या तशी राहावी, गंज सुद्धा तसाच राहावा, अशी इच्छा असणारा माणूस आणि ती मोडून टाकावी असं म्हणणारा अधिकारी, दोघांनाही तिच्या कामाशी देणंघेणं नाही. एकाला ती शोभेची हवी, दुसऱ्याला नकोच.

मला ती आवडते ती वेगळ्या कारणानं. एका वाडीत घर बांधत होतो, रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंना गडगे आणि मध्ये एक गाडी जेमतेम जाईल एवढी पाखाडी रुंद केलेली. काकांनी आरशात न बघता, दरवाजातून अर्धे बाहेर लटकून, भरली गाडी पाऊण किलोमीटर मागे-मागे नेली. क्लीनर मागून थाप मारत होता: एक थाप म्हणजे ये, दोन म्हणजे थांब. एकाही गडग्याचा दगड हलला नाही. चिरे उतरवून झाल्यावर त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि पाणी मागितलं. तीस वर्षांत त्या गाडीचा प्रत्येक नटबोल्ट त्यांच्या हाताखालून गेलाय. कुठला आवाज कधी नवा आहे ते त्यांना झोपेत कळतं. माणसाचं यंत्राशी असं नातं असणं याला मी प्रगतीच्या आड येणारी गोष्ट मानायला तयार नाही. माझ्या फोनचं आणि माझं असं काही नातं नाही, तो माझ्याबद्दल सगळं जाणतो आणि मी त्याच्याबद्दल काहीच नाही.

तर मागणी साधी आहे. फी वयावर नको, सगळ्या ट्रकना एकच असू दे. चाचणी कडक करा, पण ती तालुक्याच्या आवाक्यात आणा. कमी पळणाऱ्या गाड्यांसाठी जिल्ह्यापुरता परवाना काढा, शहरबंदीसह. जुनी गाडी सुधारायला निघालेल्याला तेवढी तरी सवलत द्या जेवढी ती मोडायला निघालेल्याला देता. आणि 'व्हिंटेज'च्या व्याख्येतून 'खासगी वापर' हे दोन शब्द काढा. पन्नास वर्षं राबलेल्या ट्रकला मानाची नंबरप्लेट मिळाली तर राजेरजवाड्यांच्या रोल्स-रॉइसला कमीपणा येणार नाही.

काकांच्या गाडीचं फिटनेस डिसेंबरात संपतंय. खाणी सुरू झाल्यात, मला पावसच्या कामाला फेब्रुवारीपर्यंत चिरा लागणार आहे. गाडी सध्या मिस्त्रींकडे आहे, मागचे ब्रेक उघडलेत. मागचे दोन टायरही आता बदलायलाच हवेत. ते घ्यायचे की फी भरायची, हे काकांचं अजून ठरत नाहीये.